नाना म्हणतील तेच

८ मार्च, शनिवार

गावकी बंद!

सरपंच अनिलनं पंचायतीच्या दारावर कागद चिकटवलाय. साकवाची – नदीवरच्या छोट्या पुलाची – जागा ठरवायला या वेळी बैठक नाही. यंत्र ज्याच्या-त्याच्या फोनवर येणार, मत विचारणार, सगळ्यांचं ऐकून घेऊन गोषवारा काढणार. 'बोलकी चावडी' म्हणे नाव. चावडी कधी बोलते? चावडीवर माणसं बोलतात.

अनिलला गाठलं. म्हटलं, मारुतीच्या ओट्यावर बसून ठरवायला काय धाड भरली? म्हणतो, "नाना, ओट्यावर दहा जण बोलतात नि बाकीचे माना हलवतात. बाया तर लांबूनच. यात बायांचं पण मत येतं. वीटभट्टीवर गेलेल्यांचं पण येतं." हे खोटं नाही, म्हणून आणखीच राग आला.

साकव तर हवाच. नदीपलीकडं वाडी. वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद केली, तेव्हापासून तिथली पोरं गावातल्या शाळेत येतात. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत. पावसात टायरच्या ट्यूबवर – नाहीतर येतच नाहीत. आमच्याकडं अंगण झाडायला मंगळी येते, तिची यमू तिसरीत. गेल्या पावसात पोर श्रावण उलटला तरी शाळेत दिसली नाही. यंदाही तसंच झालं तर सुटलीच म्हणायची शाळा. मंगळीच्या घरात आजवर कुणी चौथी पाहिली नाही.

जागा दोन सुचवल्यात. वरचा उतार – थेट वाडीसमोर. नाहीतर खालचा डोह – तिथं पलीकडं मुंबईवाल्यांचे प्लॉट. दगडी कुंपणं, पोहायचे हौद. वाडी तिथून कुठल्या कुठं.

यात विचारायचं काय? लहान पोरही सांगेल.

११ मार्च

आला फोन. बाईचा आवाज. गोड आहे, खोटं कशाला लिहू. "नमस्कार कोंडूजी. साकव वरच्या उतारावर व्हावा की खालच्या डोहापाशी? मोकळेपणानं बोला, मी ऐकते आहे."

मी ऐकते आहे – हे वाक्य या घरात बऱ्याच दिवसांत कुणी बोललेलं नाही.

बोललो. डोहापासूनच सुरुवात केली, कारण नदी म्हटलं की मला डोह दिसतो. आमच्या वेळी वरच्या उतारावर कुणी जात नसे, सगळी ये-जा डोहाखालून. चौथीत असताना मास्तर आम्हाला तिथल्या कातळावर न्यायचे आणि पुस्तकातली नदीची कविता समोर नदी ठेवून म्हणायला लावायचे. पाण्यावरून आवाज परत यायचा, मास्तर म्हणायचे, बघा, नदीलाही पाठ झाली. तिथंच मी माझी पहिली कविता केली –

अलीकडे गाव अन् पलीकडे वाडी,
मधून नदीची खळखळती साडी!

तीही म्हणून दाखवली. मग पुढं एसटीत कंडक्टर झालो तो सगळा भाग. वैशाखऱ्याच्या वळणावर गाडी लागली की मनात ओळी यायच्या आणि घंटी मारायची राहायची, तेही. तिनं एकदाही मधेच तोडलं नाही. ललिता – माझी सून – असती तर तीनदा तरी "नाना, ताट वाढलंय" झालं असतं.

शेवटी "धन्यवाद, आपलं मत मोलाचं आहे" म्हणाली.

झोप छान लागेल आज.

१२ मार्च

सकाळपासून ओट्यापाशी एकच विषय. शेजारचा भरत आला. "नाना, तुमी काय सांगितलं?"

"सांगितलं काय सांगायचं ते."

"मंग आमचं पन तेच. मी तिला बोललो, नाना म्हणतील तेच."

दुपारपर्यंत चौघे-पाचजण तेच सांगून गेले. मंगळीलाही विचारलं. झाडू न थांबवता म्हणाली, "तुमचंच नाव सांगलं." मनात म्हटलं, अनिल, बघ बाबा. तू ओटा बंद केलास, माणसं ओट्यावरच बसलीत.

१७ मार्च

यमूचं पुस्तक चाळलं. नदीची कविता नाहीच. तिला आमच्या पुस्तकातली शिकवली. आई अंगण झाडते तोवर दोन कडवी पाठ. सूर सरळ, उच्चार स्वच्छ. हिला शिकवायचं नाही तर कुणाला?

१ मे, गुरुवार

 अक्षर वाकडं येतंय तर येऊ दे.

ग्रामसभा. शाळेच्या भिंतीवर पांढरा पडदा. संस्थेची दिपाली नावाची मुलगी आलेली, यंत्र तिच्या संस्थेचं. पडद्यावर पहिलीच ओळ – काय? नदीची खळखळती साडी! माझी. चौथीतली. खाली लिहिलेलं, 'गावाचा आवाज'. माणसं टाळ्या वाजवत होती. दोन पळं मीही खुळ्यासारखा हसलो.

मग निकाल. खालचा डोह – एकशे एकतीस. वरचा उतार – नऊ.

नऊ!

उठलो आणि म्हटलं, हे खोटं आहे. वाडीतल्या पोरांनी ट्यूबवर बसायचं आणि प्लॉटवाल्यांच्या गाड्यांना साकव? या गावानं असं म्हणणं शक्य नाही. मी ओळखतो या गावाला. अर्ध्या गावाला मी तिकिटं फाडून दिलीत, अर्ध्यांना उधारीवर नेलंय.

 खाली बघतात सगळे. अनिल म्हणतो, "नाना, रागावू नका. लोकशाही आहे."

मला लोकशाही शिकवतो. याला दप्तर घेऊन किन्हवलीच्या गाडीत चढवला आहे मी.

२ मे

जेवलो नाही. ललिता म्हणाली, अन्नावर कशाला राग? कशावर काढू मग?

प्लॉटवाल्यांनी यंत्रात काहीतरी घातलं असणार. सरळ आहे. किती घेतलं अनिलनं ते शोधून काढीन.

३ मे

पंचायतीत जाऊन बसलो. म्हटलं, एकशे एकतीस माणसं कोण ती दाखवा, नाहीतर उठत नाही. अनिल वैतागून बाहेर गेला. दिपालीनं मात्र खुर्ची ओढली, पाणी दिलं. चांगल्या घरची आहे. "आजोबा, लपवण्यासारखं काही नाही. ऐकवतेच तुम्हाला."

ऐकवलं.

भरतचा आवाज – "नाना म्हणतील तेच." त्याच्या भावाचा – "आमचं काय वेगळं? नानांचं असेल ते." कुणाची तरी सून, हळू आवाजात – "मोठी माणसं आहेत ना, नाना सांगतील." एकामागून एक. दळण पडावं तसं.

"यंत्राला कळेना हे नाना कोण," दिपाली म्हणाली. "मग त्यानं सगळ्यांचं बोलणं जुळवून शोधलं. सगळ्यात वयस्कर तुम्ही, सगळ्यात जास्त वेळ बोललेले तुम्ही. तुमचं बोलणं तपासलं. त्यात डोहाचा उल्लेख पुन्हा पुन्हा, आणि प्रेमानं. उताराबद्दल एकच वाक्य – तिकडं कुणी जात नसे. म्हणून तुमचं मत डोह धरलं. आणि या सगळ्यांची मतं तुमच्या मताला जोडली."



म्हणजे मी एकाचं तिकीट फाडलं आणि अख्खी गाडी त्यावर चढवली. तीही चुकीच्या गावाची.

निघताना ती म्हणाली, अजून एक आहे, ऐकायचंय? पोश्या. मंगळीचा नवरा. भट्टीवरून बोललेला, मागं ट्रक भरल्याचा आवाज. "आमचं नाना सांगतील. आमच्या पोरीला कविता शिकवतात ते. ते आमचंच सांगतील."

चपला घालायच्या विसरलो. पोराला पाठवून मागवून घेतल्या.

४ मे, रविवार

भरतला धरला. म्हटलं, तुला तोंड नव्हतं? उतार म्हणायला काय जीभ झिजत होती?

तोही उखडला. "मला काय बोलता नाना? ओट्यावर काय करतो आपण? आधी मोठ्याचं नाव घ्यायचं, मंग भांडायचं. ही रीत तुमीच शिकवलीत. ती बाई मला भांडायला टाइम देल तर ना! मी 'नाना म्हणतील तेच' बोललो, आता 'पण' काढणार, तर धन्यवाद बोलून ठेवला पन तिनी."

खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे, आणि म्हणून आणखी संताप.

गावकी कशी चालायची ते दिपालीला कुणी सांगितलंय? सगळ्यात म्हातारा आधी बोलतो. तो मुद्द्याचं बोलतच नाही. जुनं काढतो, कुणाच्या आज्यानं कुठं बांध घातला, कुठल्या साली पाणी कुठवर चढलं. ते मत नसतं, ती घसा साफ करायची वेळ असते. सगळे म्हणतात, बरोबर, नाना म्हणतील तेच. चहा येतो. चहा संपला की कुणीतरी कोपऱ्यातून खाकरतो – "पण नाना, काय आहे..." तिथून खरं सुरू. मग शिव्या, मग उठून जाणं, मग परत आणून बसवणं, मग दोघा-तिघांनी एकदम बोलणं. म्हातारा तोवर गप्प. गावाचं मत त्या 'पण'च्या पुढं असतं. यंत्र चहाच्या आधीच उठलं!

आणि यंत्राला तरी का बोलू? आपल्या लोकांना कळलं नाही, की एकेकट्याला फोनवर 'नाना म्हणतील तेच' म्हणाल तर समोर बसून भांडणारं कुणी नाही? आणि नानांना कळलं नाही, की विचारलं काय आणि आपण गातोय काय. साडी म्हणे. खळखळती.

रात्री ती कविता वहीतून फाडून टाकावी म्हणून वही काढली. फाडली नाही. अक्षर मास्तरांचं वाटलं, त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं.

५ मे

अनिल समोरून आला. "काय नाना, तुमची नदी, तुमची साडी नि आता साकव पण तुमचाच." चारचौघांत. हसले सगळे.

 घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली.

६ मे

दिपालीचा फोन. खरोखरची दिपाली, यंत्र नव्हे. "आजोबा, मत बदलायची सोय आहे. उद्या संध्याकाळपर्यंत. पण या वेळी कविता नको हं."

पोरगी थट्टा करते म्हाताऱ्याची. बरं वाटलं तरी.

७ मे

कागदावर लिहूनच बसलो. तीनच वाक्यं. मी कोंडू. साकव वरच्या उतारावर, वाडीसमोर हवा. कारण पलीकडची पोरं पावसात शाळेला मुकतात.

त्या गोड आवाजानं विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?" जीभ वळवळली. मागं आंब्यावर कोकीळ ओरडत होती. गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा.

९ मे, शुक्रवार

निकाल फिरला!

वरचा उतार – एकशे एकतीस आणि नऊ. खालचा डोह – शून्य. पंचायतीच्या दारावर नवा कागद. भरत वाचून आला, गुडघ्यावर थाप मारून म्हणतो, "नाना, गेम केलात तुमी!"

अर्धा पेला चहा सुखानं प्यालो. मग राग चढायला लागला. लिहितो म्हणजे उतरेल.

एकशे एकतीस माणसांना कुणी पुन्हा विचारलं? नाही. मी फिरलो, ते फिरले. उद्या मला वेड लागलं आणि मी म्हटलं साकव सिद्धगडावर बांधा, तर हे गाव सिद्धगडावर साकव मागेल. हे सरकारला कळवणार, गावानं ठरवलं म्हणून. गावानं काय ठरवलं? एक म्हातारा दोनदा फोनवर बोलला.

हेच दिपालीला फोन करून म्हटलं. म्हटलं, ओट्यावर बैठक घ्या, यंत्रही आणून ठेवा मधोमध, पण चहा होऊन भांडण संपेपर्यंत त्याला उठू देऊ नका.  ती म्हणाली, "आजोबा, हे मी वर लिहून पाठवते. पण या साकवाचा ठराव सोमवारी जायचाय."

अनिलकडंही गेलो. म्हटलं, बैठक घे. तो हात जोडून म्हणाला, "नाना, तुमच्या मनासारखं झालं ना? मंग आता कशाला उकरून काढता? प्लॉटवाले रोज फोन करून माझं डोकं खातात. परत विचारलं तर परत डोह निघेल." यातला शेवटचा भाग पटला, हे लिहायला लाज वाटते. बैठक झाली आणि चार पैसेवाले ओट्यावर येऊन बसले तर? जे हातात आलंय ते राहू दे. यमूच्या यंदाच्या पावसाला साकव तयार नसेल, पण पुढच्या पावसाला असेल. बैठक पुढच्या कामाला मागू.

गप्प बसून परत आलो.

१० मे

भरतसुद्धा आज म्हणाला, "बैठकीचं काय झालं?" म्हटलं, बघू. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला चिडायला कारण मिळेना, तरी चिडलो.

उताराकडं चालत गेलो. नदीत गुडघाभर पाणी. पलीकडं वाडीच्या बंद शाळेचं कौलारू छप्पर दिसतं, दाराला कुलूप, ओटीवर कुणाच्या तरी शेळ्या. साकव नेमका तिथंच उतरणार. डोळ्यांपुढं आणून बघितलं – यमू त्यावरून येतेय, दप्तर पाठीला, कविता तोंडात. उद्या मंगळीला सांगायचं.

११ मे, रविवार

मंगळीला सांगितलं. वाटलं, झाडू टाकील, हसेल. ती म्हणाली, "बरं झालं." आणि झाडत राहिली.

म्हटलं, बरं झालं काय नुसतं? तुमच्या दारात साकव येतोय.

"नाय, चांगलं झालं. पण आता आमची शाळा गेली."

मला कळेना. तिनं झाडू भिंतीला टेकवला. "मागं साहेब आलेला शाळेचा. बोलला, पोरांना येयाला वाट नाय तर वाडीची शाळा परत उघडायला लागंल, मी लिहून धाडतो. आता वाट झाली ना. आता कोन उघडतंय?"

म्हटलं, मग फोनवर का नाही सांगितलंस हे?

"तिनी वर का खाली एवढंच इचारलं. शाळेचं नाय इचारलं. म्हनून यमूचा बापूस बोलला, नानांवर टाकू. त्यांना शाळेचं लय. ते शाळेचंच काढतील."